चहाचा दंड, डबल खाडा आणि कोरी ओळ

(भाईंदर पूर्वेतल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)

आजचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला दारातच विचारलं, की शिक्षेवरच्या थट्टेला कसला आलाय इतिहास? इतिहास म्हणजे लढाया, तह, राजे. प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात इथूनच, पायी दहा मिनिटांवरच्या एका गाळ्यापासून करतो.

आपल्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा धंदा किती पसरलाय ते तुम्हाला सांगायला नको. पत्रा येतो, त्याचे गोल सर्कल कापले जातात, प्रेसखाली डायमध्ये दाबून त्याची वाटी, डबा, पातेलं होतं, मग कडा कापायची, मग पॉलिश. एकेका गाळ्यात एकेक टप्पा, बहुतेक सगळं जॉबवर्क. मी गेलो होतो तो गाळा चौघा जॉबवर्कवाल्यांनी मिळून घेतलेला. प्रेस दोघांच्या, लेथ तिसऱ्याची, पण ग्राइंडर, ड्रिल आणि पान्यांची फळी चौघांची सामाईक. आणि सामाईक म्हटलं की भांडण आलं. पाना कुणी नेला? ड्रिलचं बिट कुणी मोडलं? तर त्या फळीवर पुठ्ठ्याची एक पाटी होती. मी वहीत उतरवून घेतली. वाचून दाखवतो.

'सर्वांस ताकीद देण्यात येते की : एक. पाना जागेवर न ठेवणाऱ्यास सर्वांचा चहा, वडापाव ऐच्छिक. दोन. ग्राइंडर चालू ठेवून फोनवर बोलणाऱ्यास त्याचा फोन पॉलिश करून देण्यात येईल. तीन. दुसऱ्याचा चिमटा पळवणाऱ्यास संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बसवून भाईंदरला उतरायला सांगण्यात येईल.'

(हशा)

बघा, तुम्ही हसलात. ही शिक्षा ठाण्यात किंवा पुण्यात कुणाला कळणार नाही. इथे कळते, कारण ती प्रत्येकानं एकदा तरी भोगलेली आहे. पण पाटीवर चौथी ओळही होती. 'चार. प्रेसमध्ये हात घालणाऱ्यास', आणि पुढं काहीच नाही. कोरं.

मी विचारलं, हे राहिलं का लिहायचं? तिथले एक पन्नाशीचे कारागीर होते, त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. ते म्हणाले, 'त्याला काय शिक्षा लिहिणार? ती लिहायच्या आधीच होऊन जाते.'

त्या दिवसापासून ही पाटी माझ्या डोक्यात आहे. तीन ओळींची थट्टा होते आणि चौथीची होत नाही, असं का? आणि अशा पाट्या लिहायची रीत आली कुठून? आज याचाच माग काढू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्हाला तपासता येईल. थट्टेतली शिक्षा बरोबरीच्या माणसांमध्येच चालते. बरोबरी नसेल तिथं तो नुसता दंड असतो, हसत हसत वसूल केलेला.

दगडावरची ताकीद

सर्वांत जुना पुरावा याच मुलखातला आहे. उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, त्यांची राजधानी ठाणं, म्हणजे तेव्हाचं स्थानक. शिलाहारांच्या काळापासून पुढं काही शतकं या पट्ट्यात एक विशिष्ट प्रकारचे दगड उभे केले गेले. ठाणे, मुंबई, रायगडात ते आजही सापडतात. त्यांना गधेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये दानाचा लेख आणि खाली एक गाढव आणि एक स्त्री. चंद्र-सूर्याचा अर्थ असा, की ते आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. खालच्या चित्राचा अर्थ मी सभागृहात सविस्तर सांगत नाही, नावातच 'गाळ' म्हणजे शिवी आहे. जो कुणी हे दान मोडेल, त्याच्या आईला ती शिवी.

आता हा विनोद होता का? आपण आज ते चित्र बघून ओशाळून हसतो. ज्यानं कोरलं तो हसत नव्हता. गावोगाव पहारा ठेवणं राजाला शक्य नव्हतं. दान दिलेली जमीन शंभर वर्षांनी कुणी हडपली तर बघायला तो असणार नव्हता. म्हणून त्यानं लाज नावाचा पहारेकरी उभा केला. पण एक गोष्ट नीट बघा. नियम मोडणार पुरुष, आणि शिवी कुणाला? त्याच्या आईला, जिचा या व्यवहाराशी काही संबंध नाही. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण अन्यायी राजासाठी वापरतो, पण लाजेच्या शिक्षेत हे नेहमीच होतं. बोलणाऱ्याचा नेम एकीकडे आणि घाव बसतो दुसरीकडेच, बहुतेक वेळा जो सर्वांत कमी ताकदीचा त्याच्यावर. पुढं गिरणीत आणि गाळ्यात हे पुन्हा दिसणार आहे.

गाढव मात्र आपल्याकडच्या शिक्षांत टिकून राहिलं. गुन्हेगाराला उलटं तोंड करून गाढवावर बसवायचं आणि गावातून धिंड काढायची, ही शिक्षा आपल्या भाषेतही रुतून बसली आहे. आणि तिचीच पुढं थट्टाही झाली. बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाची गाढवावरून वाजतगाजत मिरवणूक काढतात. अनेक दशकं ही प्रथा चालू आहे. धुळवड जवळ आली की जावई गायब होतात, आणि गावातली पोरं त्यांना हुडकायला निघतात.

(हशा)

मिरवणूक संपली की जावयाला नवे कपडे मिळतात, सोन्याची अंगठी मिळते. शिक्षा तीच, गाढव तेच, फक्त तीन गोष्टी बदलल्या. ज्याला बसवलं तो जावई, म्हणजे गावात मानाचा माणूस, दुबळा नाही. दिवस ठरलेला आहे, उद्या कुणी त्याला गाढवावर बसवणार नाही. आणि शेवटी त्याच्या पदरात काहीतरी पडतं. एवढं जमलं की धिंडीची मिरवणूक होते. यातलं एक जरी निघालं, समजा जावयाच्या जागी गावातला एखादा गरीब मजूर बसवला, तर तीच पुन्हा धिंड.

आता त्या पाटीवरचा 'ताकीद' हा शब्द. कचेरीच्या भाषेची नक्कल करायची आपली सवय फार जुनी आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं लिहिली, त्यांत अर्जदस्त आहे, जाबचिठ्ठी आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. त्या काळच्या सरकारी कागदांचेच हे घाट. शरीर हे गाव, जीव त्याचा कारभारी, आणि वरून हिशेबाचा तगादा. ज्या कागदाला रयत घाबरायची, तोच कागद नाथांनी कीर्तनाच्या फडात आणून लोकांना हसवलं आणि हसवता हसवता हिशेब विचारला. गाळ्यातल्या पोरानं एकनाथ वाचले नसतील. पण 'सर्वांस ताकीद देण्यात येते की' असं लिहिल्यावर लोक हसतील, हे त्याला ठाऊक होतं.

गिरणीतला खाडा

गाव सोडून आता गिरणीत जाऊ. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे वडील किंवा आजोबा लालबाग-परळच्या गिरण्यांत असतील. 1982 च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं मुंबईबाहेर या पट्ट्यात सरकली. तर त्यांच्याकडून तुम्ही एक शब्द ऐकला असेल : डबल खाडा.

खाडा म्हणजे गैरहजेरी. गिरणीत एक दिवस खाडा झाला की एका दिवसाची मजुरी कापली जाणार, हे समजण्यासारखं आहे. पण अनेक गिरण्यांत एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापायचे. तो डबल खाडा. पगार महिन्याचा आणि तोही पुढच्या महिन्यात काही दिवस उलटल्यावर हातात पडायचा, त्यामुळं कामगाराची मजुरी कायम मालकाकडे अडकलेली. कापायला पैसे हाताशीच. उशिरा आला दंड, साच्यावर सूत तुटलं दंड, मुकादमाशी उलट बोलला दंड. विणकाराच्या हातून कापडात दोष राहिला तर ते कापड त्याच्याच गळ्यात मारायचे आणि किंमत मजुरीतून वळती करायचे. मग तो बिचारा ते खराब कापड खांद्यावर टाकून बाजारात मिळेल त्या भावाला विकायचा. गुन्ह्याचा पुरावा स्वतःच विकत घ्यायचा, अशी ही शिक्षा.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या बघा. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. आणि आणखी एक मागणी, जी आपण फारशी सांगत नाही : कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर उदरनिर्वाहाची सोय. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. इजेच्या भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. एकोणचाळीस वर्षं. ही मागणी लक्षात ठेवा, चौथ्या ओळीकडे परतताना लागेल.

दंडाचा प्रश्न धसाला लागला 1928 च्या मोठ्या संपानंतर. तो संप सहा महिने चालला. त्यानंतर फॉसेट समितीपुढं गिरण्यांच्या नियमावलीची चर्चा झाली, मग व्हिटली आयोग आला, त्याचा अहवाल 1931 चा. आणि अखेर 1936 चा वेतन अदायगी कायदा, जो 28 मार्च 1937 पासून लागू झाला. त्याचं आठवं कलम दंडाबद्दल होतं. कायद्याचं कलम व्याख्यानात वाचणं ही श्रोत्यांना शिक्षाच, पण हे कलम ऐकण्यासारखं आहे.

(हशा)

दंड कशाकशाला होणार याची यादी सरकारकडून मंजूर करून घ्यायची आणि कामाच्या जागी लावायची. यादीत नसलेल्या गोष्टीला दंड नाही. दंड करण्याआधी त्या कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यायची. पंधरा वर्षांखालच्याला दंड नाही. एका पगाराच्या मुदतीत एकूण दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नाही, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. तो हप्त्यानं वसूल करायचा नाही आणि साठ दिवसांनंतरही नाही. प्रत्येक दंड नोंदवहीत लिहायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं, दंडाची रक्कम मालकाच्या खिशात जाणार नाही, ती कामगारांच्या हिताच्या कामालाच वापरायची.

डबल खाडाही याच कायद्यानं मोडला. जेवढा वेळ गैरहजर तेवढीच कपात. पण एक फट ठेवली : दहा किंवा अधिक कामगार ठरवून, सूचना न देता, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर प्रत्येकाची आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येईल. एकट्यानं दांडी मारली तर एक दिवस, दहा जणांनी मिळून मारली तर आठ दिवस. सरकारला भीती कशाची होती ते या आकड्यातच कळतं.

पुढं 1946 मध्ये स्थायी आदेशांचा कायदा आला. त्यात नियमावली दाराजवळ खास फलकावर लावायची, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत. भिंतीवर नियम आणि शिक्षा लिहायची जी रीत आपण आज सहज मानतो, ती अशी संप करून, साक्षी देऊन मिळवलेली आहे. शिक्षा भिंतीवर आली म्हणजे ती मुकादमाच्या तोंडातून निघाली.

पण हा स्थायी आदेशांचा मूळ कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. 1948 चा कारखाना कायदाही मूळ रूपात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर लागू. आपल्या त्या गाळ्यात एका मालकाचे तीन, दुसऱ्याचे चार, तिसरा स्वतःच. म्हणजे ज्या भिंतीवर कायद्याची पाटी पोहोचतच नाही, तिथं पोरांनी स्वतःची पाटी लावली.

आणि खाडा? तो आज तुमच्या स्वयंपाकघरात आहे. दूधवाल्याचा खाडा, बाईंचा खाडा, कॅलेंडरच्या चौकोनात आपण लिहितो. आजोबांनी जो शब्द भीत भीत ऐकला, तो नातू पेन्सिलीनं लिहितो. आता बाजू बदलली आहे. कापणारे आपण आहोत. तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईंचा खाडा कापताना हा इतिहास आठवला तर बरं.

छापखान्यातलं भूत

आता तुम्ही म्हणाल, गिरणीत मालक वर होता, म्हणून दंड कडू. चौघांच्या सामाईक गाळ्यात मालकच नाही, तिथं तर सगळी गंमतच असेल. असं असतं का, हे बघायला थोडं लांब जाऊ, लंडनला. कारण तिथल्या छापखान्यांतल्या कामगारांनी आपसातले नियम आणि शिक्षा कशा ठरवल्या, याची तपशीलवार नोंद एका माणसानं करून ठेवली आहे. जोसेफ मॉक्सन, साल 1683, पुस्तक छपाईच्या कसबावरचं.

मॉक्सन सांगतो, की प्रत्येक छापखान्यातल्या कामगारांची मिळून एक सभा असे, तिला म्हणत चॅपल. दंडाला शब्द होता सोलेस, म्हणजे चक्क सांत्वन. शिव्या दिल्या, मारामारी केली, दारू पिऊन आला, रात्री मेणबत्ती पेटती ठेवून गेला, सोलेस भर. लाकूड आणि कागद भरलेल्या जागेत पेटती मेणबत्ती म्हणजे काय हे सांगायला नको. पण याच यादीत निव्वळ टवाळीचे गुन्हेही होते. बाहेरच्या माणसानं येऊन अमुक एक गॅली समुद्रात दिसली का असं विचारलं, तरी दंड. गॅली म्हणजे एक जहाज, आणि छापखान्यात खिळ्यांच्या ओळी ठेवायचं तबकही गॅलीच. दंडाची रक्कम सगळ्यांच्या भल्यासाठी, आणि ते भलं बहुतेक वेळा पेयाच्या रूपात.

(हशा)

आपल्याकडे चहा, त्यांच्याकडे बिअर. आणि दंड द्यायला कुणी ठाम नकार दिला तर? त्याला प्रूफ दुरुस्त करायच्या दगडी पाट्यावर पालथा पाडून जाड पुठ्ठ्यानं ढुंगणावर अकरा फटके. त्या फटक्यांना नाव होतं, दहा पौंड आणि एक थैली. आता ही थट्टा की शिक्षा? नाव थट्टेचं आहे, वळ खरे आहेत. आणि चॅपलचा निर्णय बहुमतानं, वर एक वचन असं, की चॅपल कधी चुकत नाही. मालक नसला तरी 'कधी न चुकणारा' कुणीतरी तयार झालाच.

याचा चटका बसला एका मोठ्या माणसाला. बेंजामिन फ्रँकलिन, पुढं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. तरुणपणी, 1725 च्या सुमारास, तो लंडनमध्ये वॉट्सच्या छापखान्यात होता. आधी यंत्रावर काम करायचा, तिथं नव्या माणसानं द्यायची वर्गणी त्यानं दिली होती. मग खिळे जुळवण्याच्या खात्यात त्याची बदली झाली, तर तिथल्या लोकांनी पुन्हा पाच शिलिंग मागितले. तो म्हणाला, एकदा दिले, पुन्हा देणार नाही. मालकही म्हणाला देऊ नकोस. आणि मग सुरू झालं. हा जागेवरून उठला की त्याचे खिळे मिसळलेले, पानं उलटीपालटी, जुळवलेला मजकूर मोडलेला. विचारलं तर सगळे एकच सांगत, हे चॅपलचं भूत करतं. ज्यानं रीतसर वर्गणी दिली नाही त्याच्यामागं ते लागतं. दोन-तीन आठवडे त्यानं तग धरला, मालक पाठीशी असूनही, आणि शेवटी पैसे दिले. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

भुताची गोष्ट गंमतीची वाटते. पण याला आपल्याकडे शब्द आहे : वाळीत टाकणं. पाणी बंद, विस्तव बंद, लग्नाला बोलावणं बंद. शिक्षा देणाऱ्यांना वाटतं आपण समाजाची शिस्त राखतोय, आणि सोसणाऱ्याला घर सोडावं लागतं. महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, असा स्वतंत्र कायदा करण्यात आपलं राज्य पुढं होतं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. समाज, बिरादरी, चॅपल, गाळा, नाव काहीही असो, 'आम्ही सगळे एक' म्हणणाऱ्यांची थट्टा एकट्याला केव्हा चिरडते, ते त्या सगळ्यांना कळत नाही, कारण ते हसत असतात.

तीन टक्के आणि चहा

परत गाळ्यात येऊ, आणि पाटीवरची पहिली ओळ हिशेबानं बघू. गाळ्यात माणसं दहा. चहा दहा रुपयांना धरला तर एका पान्याचा दंड शंभर रुपये. प्रेसच्या मालकाला शंभर रुपये म्हणजे खरंच गंमत आहे. पण गाळ्यात सर्वांत धाकटा हेल्पर असतो, गावाहून आलेला, आपली भाषा अजून नीट न येणारा. समजा त्याला महिना बारा हजार मिळतात. तीन टक्क्यांनी कायद्यातली दंडाची मर्यादा होते तीनशे साठ रुपये. 2019 च्या वेतन संहितेतही मर्यादा तीनच टक्के आहे. म्हणजे महिन्यात चौथ्या चहाला पोराचा दंड कायद्याच्या पलीकडे गेला. गिरणीच्या मालकाला जे करता येत नव्हतं, ते आपण हसत हसत केलं. आणि पाना बहुतेक वेळा विसरतो कोण? ज्याला चारही जण हाका मारतात तोच. मी विचारलं तेव्हा कळलं, की शेटनं पाना विसरल्याचा चहा कधी निघालाच नव्हता.

याच्या उलट एक उदाहरण. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब झाली, म्हणजे कुणीही येऊन यंत्रं वापरावीत अशी सामाईक कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ही एक. पुढं जगभरच्या अशा लॅबसाठी एक सनद तयार झाली. तिच्यात वापरणाऱ्याच्या जबाबदाऱ्या तीन : माणसाला किंवा यंत्राला इजा न करता काम करणं, साफसफाई आणि देखभालीला हातभार लावणं, आणि शिकलेलं लिहून ठेवून इतरांना देणं. शिक्षा एकही नाही. क्रम मात्र बघा. माणसाची इजा पहिली, झाडू दुसरा.

आपल्या पाटीवर उलटं होतं. पाना पहिला, हात चौथा आणि कोरा.

चौथी ओळ

आता त्या कोऱ्या ओळीकडे. ते कारागीर म्हणाले, शिक्षा आधीच होऊन जाते. 1923 च्या भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, त्याचा तक्ता. एका हाताची चार बोटं गेली, पन्नास टक्के. तीन, तीस टक्के. अंगठा, तीस टक्के. दोन बोटं, वीस टक्के. लोखंड्यांनी मागितलेली ती सोय अशा तक्त्याच्या रूपात आली.

पण त्याच कायद्यात एक अट होती, ती तुम्हा सगळ्यांना माहीत हवी. मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकीच्या इजांत, कामगारानं सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचं सुरक्षेचं आवरण जाणूनबुजून काढलं, आणि थेट त्यामुळं इजा झाली, तर मालकाची भरपाईची जबाबदारी राहत नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही कल्पना पुढं आलेली आहे.

म्हणजे भिंतीवरच्या ओळीला किंमत आहे. कामगाराला वाचवण्यासाठी लिहिलेली ओळच उद्या त्याच्याविरुद्ध वाचली जाऊ शकते. 'पाटी होती ना, तरी यानं हात घातला.' आणि ती ओळ थट्टेच्या यादीत असेल तर? वरच्या तीन ओळी कुणी मनावर घेत नाही, मग चौथीच का घ्यावी, असं नव्या पोराला वाटलं तर त्याची चूक म्हणायची का? विरार फास्टच्या खाली बोटाचा नियम लिहिला की तोही विरार फास्टइतकाच खरा वाटतो.

म्हणून ती ओळ कोरी ठेवणाऱ्या माणसानं, मला वाटतं, अर्धं बरोबर केलं. तिथं विनोद लिहायला त्याचा हात धजला नाही. उरलेलं अर्धं असं, की ती ओळ त्या पाटीवर नकोच. पान्याची पाटी पान्याच्या फळीवर राहू द्या, हसा, चहा प्या, फक्त तो चहा शेटकडूनही निघू द्या आणि हेल्परच्या चहाला मर्यादा घाला. प्रेसचा नियम प्रेसवर, वेगळा, त्या पोराच्या भाषेत. आणि त्यात शिक्षा नको, कृती हवी : आवरण असल्याशिवाय प्रेस चालू होणार नाही, माल चिमट्यानंच काढायचा, अडकला तर आधी मेन स्विच बंद.

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरांतून

श्रोता : सर, मी स्वतः गाळा चालवतो. तुम्ही म्हणता ते सगळं खरं, पण दोन्ही हातांची बटणं लावली की नग कमी निघतात. कारागीरच म्हणतो काढून टाका.

वक्ता : तुम्ही उघड बोललात, आभार. कारागीर असं का म्हणतो? कारण त्याची मजुरी नगावर आहे. बटणामुळं तासाला जेवढे नग कमी, तेवढे पैसे त्याचे कमी. म्हणजे सुरक्षिततेचा दंड आपण त्याच्याकडून रोज वसूल करतो, कुठं नोंद न करता. आवरण लावून जेवढे नग निघतात त्यावर दर बांधून द्या, मग तो काढायला सांगतो का बघा. दर वाढला की तुमचा खर्च वाढणार, हे मला मान्य आहे. तो खर्च कुणी उचलायचा, तुम्ही, भांडी घेणारा व्यापारी की आम्ही वाटी विकत घेणारे, याचं उत्तर एका गाळ्यात मिळणार नाही. पण सगळे गाळेवाले एकत्र बसले तर बोलता येईल. दहा जण मिळून बोलले की काय होतं, ते 1936 च्या कायद्यालाही माहीत होतं.

श्रोता : आणि त्या पाटीचं पुढं काय झालं?

वक्ता : मागच्या आठवड्यात गेलो होतो. पाटी आहे. चौथी ओळ अजून कोरीच आहे. पहिल्या ओळीत मात्र कुणीतरी पेनानं दोन शब्द घातलेत, 'शेट धरून'.